गॅसकाकांचे दोन फेरे

आमच्या भरडवाडीत विचारल्याशिवाय कोणी हात लावत नाही अशा तीन वस्तू आहेत. देवळातली तरंगं म्हणजे देवाचे सजवलेले खांब, बाबल गावकराचा पॉवर टिलर आणि शाळेमागच्या बोअरवेलचा व्हॉल्व. पहिल्या दोन कोणालाही कळतात. तिसरीचं कारण मात्र दर मे महिन्यात कुठल्या ना कुठल्या चाकरमान्याला नव्याने सांगावं लागतं.

यंदा मुंबईहून आलेल्या एका जावयाने त्या व्हॉल्वचं चाक धरलं आणि विचारलं, "हा एवढासाच का उघडा ठेवलाय? जाम झालाय का?"

बाबल तिथेच पंपाच्या खोलीला कुलूप लावत होता. तो म्हणाला, "जाम नाय झालो. गॅसकाकांनी तेवढोच ठेवूक सांगलेलो आसा. हात काढा."

"ते कुठे असतात?"

"आता खंय नाय."

जावयाने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. गॅसकाका म्हणजे त्या जागेचा राखणदार असावा असं त्याला वाटलं असणार. मी घरी आले आणि कामांच्या यादीत एक ओळ वाढवली: गॅसकाकांबद्दल लिहिणे. यादीत आलेलं काम मी टाळत नाही.

त्यांचं खरं नाव वसंत परब. आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये फक्त एक चिऱ्यांचा गडगा. नोकरीची सगळी वर्षं गुजरातेत तेलाच्या विहिरींवर काढून ते आणि सुलूकाकी कायमचे गावी आले, तेव्हा कट्टा गावच्या बाजारात कोणीतरी विचारलं, "कामाक खंय होतास?" काकांनी सांगितलं, "ऑइल आणि गॅसमधे." त्यातलं ऑइल कोणाच्या लक्षात राहिलं नाही. गॅस राहिला. आठवडा झाला नाही तोच वाडीतल्या बायका गॅसची पुस्तकं घेऊन त्यांच्या पडवीत हजर.

"काका, सिलेंडर बुक करून पंधरवडो झालो. जरा बगा मां."

दुसरा कोणी असता तर हसला असता, नाहीतर चिडला असता. काकांनी चष्मा लावला, नंबर उतरून घेतले आणि एजन्सीला फोन केला. दुसऱ्या दिवशी परत केला. मग रोज सकाळी चहा झाला की फोन, असा नेमच झाला. सिलेंडरची गाडी आधी घाटीखाली तिठ्यावर थांबायची आणि बायकांना सिलेंडर गडगडवत वर आणावे लागायचे. पावसाळ्याच्या आत ती गाडी थेट वाडीत यायला लागली. नाव पडलं ते कायमचं.

मी एकदा विचारलं, "काका, तुमी गॅस एजन्सीत नाय होतास, ह्यां तेंका सांगलास कित्याक नाय?"

"सांगान काय करू गो शैले? तेंका सिलेंडर होयो होतो. माझी माहिती कोणाक होयी होती?"

काका उंच, किडकिडीत आणि डाव्या कानाने पार बहिरे होते. उजवा कान मर्जी असेल तर चालायचा. मोठमोठ्या पंपांच्या गाड्यांमध्ये उभं राहून कान गेले होते. त्यामुळे त्यांचं साधं बोलणंही गडग्यापलीकडे पोचायचं. आज बाजारातून पेडवे आणले की तारली, हे वाडीला त्यांच्या पिशवीआधी कळायचं. सुलूकाकी त्यांच्याशी हातवाऱ्यांनी बोलायच्या. दोघांचं भांडण लागलं की आम्हाला एकच बाजू ऐकू यायची, आणि तरीही आम्ही निकाल काकींच्या बाजूनेच द्यायचो.

त्यांच्या शर्टाच्या खिशाला पेन नसायचं. लाकडी मुठीचा एक लांब स्क्रूड्रायव्हर असायचा. तो त्यांचा कान होता. पंप असो, गिरण असो, काकींचा मिक्सर असो, स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्रावर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. "कान मेलो, हाड जितां आसा," म्हणायचे. आत काय बिघडलंय ते त्यांना हाडातून कळायचं. माझा काजूचा लहानसा कारखाना आहे. तिथल्या मशीनचं बेअरिंग जाणार हे त्यांनी एकदा असंच सांगितलं होतं. मी ते लगेच यादीत घेतलं आणि मागवून ठेवलं. जुनं बेअरिंग मात्र पुढे दोन हंगाम व्यवस्थित चाललं. काका चुकायचेही. चुकले की बेअरिंगला दोष द्यायचे.

त्यांची दुसरी सवय म्हणजे वाट पाहणं. सोलकढीसाठी कोकम भिजत घातलं की कोणाला पिळू द्यायचे नाहीत. "पिळू नको गो, आपणहून सोडतलां." चहा उतरवला की झाकण ठेवून खुर्चीत बसायचे, आणि आम्ही कप हातात घेऊन त्यांच्याकडे बघत बसायचो. मी घाईची बाई आहे. माझ्या दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे पाडलेले असतात. काकांच्या चहाला मात्र मी वेगळा वेळ धरायला शिकले.

तेलाच्या विहिरीवर नक्की काय करायचे, हे त्यांनी कारखान्यात काजू सोलणाऱ्या बायकांना एकदा समजावलं होतं. बायकांना वाटत होतं, जमिनीखाली तेलाचं तळं असतं, त्यात नळी सोडली की झालं. काकांनी माझ्या डब्यातला सुक्या खोबऱ्याचा तुकडा उचलला.

"ह्याच्यात तेल आसा?"

"आसा."

"मगे नळी घाल आणि चोख बघया."

बायका हसायला लागल्या.

"तसोच तो खडक. तेल आसा, पण सोडना नाय. म्हणान आमी वरसून पाण्याचो दाब देवन खडकाक फटी पाडू. फट पडली की तेलाक वाट गावता. पण दाब काढलो की फट मिटाक बघता. मगे पाण्याबरोबर रेती धाडू. दार लागा नये म्हणान उंबऱ्यार सुपारी ठेवतत मां, तशी रेती फटीत रवता. फट पाडूक दोन तास पुरत. ती उघडी ठेवूक जल्म जाता."

आता बोअरची गोष्ट. आमची वाडी भरडावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर. पावसात पाणी कातळावरून धावत खाली जातं आणि उन्हाळ्यात नावाला उरत नाही. शाळेमागची बोअर मारली तेव्हा बरं पाणी होतं. पुढे दरवर्षी कमी होत गेलं. शेवटी मार्च संपायच्या आत पंप हवा ओकायला लागायचा आणि बायका कळश्या घेऊन खाली व्हाळात, म्हणजे ओढ्यात उतरायच्या. तिथे खड्डा करून पाणी झिरपायची वाट बघायची, वाटीने कळशी भरायची आणि ती डोक्यावर घेऊन घाटी चढायची. माझ्या कारखान्यातल्या बायका त्या महिन्यांत उशिरा यायच्या आणि आल्या तरी अर्ध्या दमलेल्या असायच्या. वाडीच्या पाणी समितीची मी सेक्रेटरी. अर्ज, पाठपुरावा, फोन हे सगळं माझ्याकडे. बऱ्याच खेपा घातल्यावर, आटलेल्या बोअरमध्ये दाबाने पाणी सोडून खडकातल्या बुजलेल्या फटी मोकळ्या करणारी गाडी आमच्याकडे पाठवायचं ठरलं.

ते ऐकून काका खुर्चीतून उठून उभेच राहिले. "म्हणजे फ्रॅक? आमचां फटी पाडूचां काम? हंय? आमच्या वाडीत?"

गाडी आली त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी हजर होते. गाडीवरच्या पोरांना त्यांनी एक शब्द शिकवला नाही. कोकम सरबत दिलं आणि दाबाच्या काट्यासमोर स्टूल टाकून बसले. बोअरमध्ये खोलवर रबरी बूच फुगवून बसवलं आणि त्याच्याखाली पाणी कोंबायला सुरुवात झाली. काटा चढत गेला. इंजिन ओरडत होतं. काटा थरथरला, थांबला आणि एकाएकी खाली पडला. आम्हाला वाटलं, काहीतरी मोडलं. काकांनी माझा दंड असा धरला की दोन दिवस दुखत होता.

"फुटलो गो! फुटलो! वाट गावली!"

ऐकू न येणाऱ्या माणसाने ते नुसत्या काट्यावरून ऐकलं होतं. आवाज चिरकला होता त्यांचा.

पोरांनी गढूळ पाणी उपसून टाकलं, नितळ यायला लागल्यावर गाडी गेली, आणि मग काका सगळ्या वाडीला नकोसे झाले. म्हणाले, आता आठ दिवस बोअर बंद. गाळ बसू दे, पाणी चढू दे. त्यानंतरही व्हॉल्व पूर्ण उघडायचा नाही. चाकाचे दोनच फेरे.

बाबल गावकर भडकला. बाबल म्हणजे आमच्या वाडीचा मानकरी. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा, आणि घर बोअरला लागून असल्यामुळे पंप चालवायचं कामही त्याच्याकडेच. तो म्हणाला, "काका, पोर जल्माक इलां आणि तोंड दाखवचां नाय, ही खंयची रीत?"

"बाळंतीण दहा दीस खोलीत रवता मां रे बाबल्या? हिका आठच दीस मागतंय."

"आणि दोन फेरे कित्याक? पाणी आसा तर घेवया मां पोटभर!"

"पोटभर वडलंस तर पाण्याबरोबर बारीक माती येतली, फटीत बसतली आणि फट बुजतली. परत गाडी येवची नाय. हळू घे, पण सारख्यां घे. महिन्याचां बघ, दिसाचां बघू नको."

काकांनी व्हॉल्व पूर्ण उघडला तेव्हा चाकाबरोबर वर आलेल्या दांड्याचे आटे दिसत होते. वरचे दोन फेऱ्यांपुरते आटे सोडून खालच्या आट्यांना त्यांनी तांबडा रंग दिला, आणि मग व्हॉल्व बंद करत दोन फेऱ्यांवर आणून ठेवला. तांबडं आत गेलं. नियम सोपा: तांबडं दिसलं की थांबायचं. मी बाकीचे नियम मुद्देसूद लिहून पंपाच्या खोलीच्या दारावर चिकटवले. तिसऱ्या दिवशी तो कागद शेळीने खाल्ला.

काका म्हणाले, "सूचना कोण वाचतलो गो? गाराणां मात्र सगळे ऐकतत."

ते संध्याकाळी नारळ घेऊन बाबलच्या खळ्यात जाऊन बसले. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. आठव्या दिवशी वाडी बोअरपाशी जमली. बाबलने नारळ ठेवला, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका आवाजात.

"आज तुझी लेकरां ह्या पाण्याच्या जाग्यार जमलेली आसत, म्हाराजा! ह्या पाण्याक अखंड झरो दी! कोणाची वायट नजर लागली आसात तर ती सात समुद्रापलीकडे धाड, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो कोण ह्या व्हॉल्वाचां चाक दोन फेऱ्यांपेक्षा जास्ती फिरवीत, तांबडां दिसासर उघडीत, तेचां आणि तुझां काय तां तुमी बघून घेवा, म्हाराजा!"

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. पण गाऱ्हाण्याला नाही म्हणायची सोय नसते.

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज काकांचा होता. त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण बाबलच्या ओठांकडे ते टक लावून बघत होते.

त्या मे महिन्यात बाबलच्या मुलीचं, रेश्माचं लग्न ठरलं. दारातच मांडव, मुंबईचे नातेवाईक, दोन्हीकडची जेवणावळ. लग्नाला दहाबारा दिवस असताना बाबल काकांच्या पडवीत आला. समितीच्या कामासाठी मी तिथेच होते. नेहमी पायरीवर फतकल घालून बसणारा बाबल उभाच राहिला.

"काका, चार दिसांसाठी पुरो उघडया. चेडवाचां लगीन आसा. पावणे हात खंय धुवतले? चार दिसांनी मी सोता बंद करतंय."

"देवाक काय सांगतलंस?"

"देवाक चेडू आसतां तर तेणांय असांच केल्यान असता."

मला हसू आलं. काका हसले नाहीत. ते इतक्या हळू बोलायला लागले की सुलूकाकी आतून दारापर्यंत आल्या.

"माका पण चार दीसच सांगलेले, बाबल्या. थंय एक विहीर होती. फट इतकी बरी पडलेली की मीच खूश. आठ दीस गप ठेवून मगे हळू हळू उघडायची, असां ठरलेलां. तर सांगणां इलां, मोठे सायब बघूक येतत, पुरी उघड. मी नाय म्हटलंय. तर माझो वरचो म्हणता, चार दिन की तो बात है, परब. व्हॉल्व माझ्या हातात. मी उघडलंय. तेल असां उसळलां... फोटो काढले, माझी पाठ थोपाटली. चौथ्या दिसा तेलाबरोबर रेती येवक लागली. आमीच फटीत भरलेली रेती. ती भायर इली आणि फट मिटली. मगे काय काय केलां, पण ती परत बोलूक नाय."

काकी दाराला टेकून ऐकत होत्या. "चाळीस वर्सां संसार केलंय, माका कदी सांगूक नाय," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

बाबलने बराच वेळ डोकं खाजवलं. "म्हणान तुमी हिका इतके जपतास."

"ती गेली. ही आसा," काका म्हणाले. मग नेहमीच्या आवाजात ओरडले, "शैले, लग्नाक पाणी किती लागतलां तां काढ! आणि वाडीत भांडी किती आसत तां पण!"

हे काम माझं. दुपारपर्यंत मी घरं फिरून आले. पिंपं, हंडे, टाक्या, कोणाकडे पडून असलेली सिमेंटची कुंडी, माझ्या कारखान्यातले काजू भिजवायचे हौद. काकांचं म्हणणं असं: आजपासून पंप थांबवायचा नाही, वीज असेल तोवर चालू ठेवायचा, दोनच फेरे. बारीक धार, पण सतत. ती धार एकेका घरी फिरवायची. दहा दिवस ती धार बंद झाली नाही. वाडीतलं प्रत्येक भांडं भरलं. एका म्हाताऱ्याने तर जुनी फुटकी होडी डांबर लावून भरून ठेवली, आणि लग्नात सगळ्यात जास्त कौतुक त्या होडीचं झालं.

लग्नाच्या सकाळी मात्र घात व्हायचा तो झालाच. बाबलचा धाकटा भाऊ पांडू आदल्या दिवशी मुंबईहून आलेला. मांडवामागच्या नळाला धार बारीक, पाहुण्यांची रांग लागलेली. पांडूने बघितलं, व्हॉल्व अर्धासुद्धा उघडा नाही. त्याने सरळ चाक फिरवलं. नळ फसफसून आला आणि मांडवामागे बायकांनी आनंदाने ओरडा केला, "पाणी इलां! जोरात इलां!"

बाबल तेव्हा भटजींसमोर सोवळं नेसून बसला होता. तो ओरडा ऐकला आणि तो पाटावरून उठला. हातातल्या अक्षता तशाच घेऊन तो बोअरकडे धावला. मागून भटजी ओरडतायत, "अहो, यजमान! यजमान कुठे चालले?" आणि त्यांच्या मागून आम्ही.

"तांबडां दिसता! पांड्या, मेल्या, तांबडां दिसता!"

"अरे दादा, दोन मिनिटांचा प्रश्न आहे. लोक खोळंबलेत."

"गाराणां कोणी घातलां? मी! देव विचारतलो कोणाक? माका! तू फाल्या बॅग घेवन जातलंस!"

अक्षता सोवळ्याच्या ओच्यात टाकून बाबलने दोन्ही हातांनी चाक मागे फिरवलं. तांबडं आत गेलं. तोवर काका आले. जरीचा फेटा डोक्यावर तसाच. त्यांनी स्क्रूड्रायव्हर पाइपवर टेकवला, मूठ कानामागे लावली आणि डोळे मिटले. मी काचेच्या ग्लासात पाणी धरलं. तांबूस होतं. बाबलच्या कपाळावरून घाम गळत होता, पण त्याने तो पुसला नाही. मला व्हाळातला तो खड्डा दिसायला लागला. दुसरा ग्लास धरला, तोही तांबूस. भटजीही येऊन उभे राहिले. वाजंत्री थांबली होती. पाचवा की सहावा ग्लास असेल, उन्हात धरला तर पलीकडचा पांडू स्वच्छ दिसला.

काकांनी डोळे उघडले. "मेलेली नाय. जरा रुसली आसा."

सगळा मांडव हसला. बाबल तेवढा हसला नाही. "काका, देवाक काय सांगू?"

"सांग, उघडल्यान पांडून, बंद मी केलंय. जा आता, चेडवाचां लगीन लाव."

पाऊस सुरू व्हायच्या आत काकांनी पुढचं काम काढलं. शाळेच्या छपराचं पाणी पन्हाळीने गोळा करून, दगड, कोळसा आणि वाळूच्या खड्ड्यातून गाळून, परत बोअरमध्ये सोडायचं. दमलेल्या तेलविहिरीतही ते असंच करायचे म्हणे. तिच्यातच गॅस कोंबायचा, तोंड बंद करून ठेवायचं आणि मग मागायचं. "पयल्यान पाजूक होया, मगे गप रवांक होया, मगे मागूक होया," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते त्यांनी बोअरला लावलं, वाडीतल्या सुनांना लावलं, शाळेतल्या पोरांना लावलं. खड्डा खणायला सगळ्यांत आधी बाबल आला, कुदळ घेऊन. पुढच्या मेमध्ये व्हाळात कोणी उतरलं नाही. त्याच्या पुढच्याही मेमध्ये नाही. खाली उतरणाऱ्या पायवाटेवर आता करवंदीच्या जाळ्या आल्या आहेत.

रोज संध्याकाळी काका बोअरवर फेरी मारायचे. आधी वाकून व्हॉल्वचे आटे बघायचे, तांबडं दिसतंय का. मग स्क्रूड्रायव्हर. गुडघे दुखायला लागल्यावरही वाकायचे. बाबल चिडायचा. "काका, माझ्यार विश्वास नाय?" काका त्या वेळी नेमके बहिरे व्हायचे.

मग हृदयाचं दुखणं निघालं. मुलगी वडोदऱ्याला असते, तिने उपचारांसाठी तिकडे न्यायचं ठरवलं. औषधं, रिपोर्ट, घराच्या किल्ल्या, माडाला पाणी कोण घालणार, अशी सगळी यादी मी काकींच्या हातात दिली. परत येणार हे सगळे म्हणत होते. गेल्या पावसाळ्यात काका गेल्याचा फोन आला. पण ते गाडीने निघाले ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

गाडी शाळेपाशी आली तेव्हा काकांनी ती थांबवायला लावली. दार धरून उतरले आणि सावकाश चालत बोअरपाशी गेले. मी बरोबर होते. बाबल पंपाच्या खोलीच्या दारात उभा होता, हाताला ग्रीस. काकांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, पाइपवर टेकवला, मूठ कानामागे लावली. खूप वेळ उभे राहिले. आता वाकतील म्हणून मी त्यांचा दंड धरायला हात पुढे केला. ते वाकले नाहीत. स्क्रूड्रायव्हर शर्टाला पुसून खिशात ठेवला आणि वळले.

मी मोठ्याने म्हटलं, "काका, व्हॉल्व बघूक नाय तुमी."

"बाबल आसा मां," ते म्हणाले. एरवी गडग्यापलीकडे जाणारा त्यांचा आवाज, पण हे इतकं हळू म्हणाले की मलाच जेमतेम ऐकू आलं.

गाडी घाटीच्या वळणावर दिसेनाशी झाली. बाबल हात पुसत माझ्याजवळ आला. "जाताना काय म्हणाले?"

मी सांगितलं.

तो गुडघे टेकून खाली बसला, व्हॉल्वपाशी डोकं नेलं आणि आटे नीट निरखून बघितले. तांबडं दिसत नव्हतं. तरीही त्याने खांद्यावरच्या टॉवेलने ते पुसले आणि परत एकदा बघितले.